नुक्त्याचं माप

खत्तातीत, म्हणजे अरबी सुलेखनात, प्रत्यक्ष लिहिण्याला सगळ्यात कमी वेळ लागतो. बाकीचा वेळ कागद खातो. दुकानातला साधा कागद शाई पिऊन टाकतो, आणि एकदा पोटात गेलेली शाई परत देत नाही. म्हणून त्याला आधी खळ द्यावी लागते. अंड्याचा पांढरा बलक तुरटीने फेटायचा, फेस बसू द्यायचा, फडक्यातून गाळून कागदावर चढवायचा. वाळला की दुसरा हात. मग अकीकाच्या गुळगुळीत गोट्याने घोटत बसायचं, दंड भरून येईपर्यंत. घोटलेला कागद वर्षभर तरी मुरू द्यावा असं जाणते सांगतात. अशा कागदावर काजळाची शाई वरच्या वर राहते. ओल्या कापसाने अख्खं अक्षर पुसून नव्याने लिहिता येतं. (उरलेल्या पिवळ्या बलकाचा प्रश्न आमच्या घरी कस्टर्डने सुटतो. मुलं कंटाळली आहेत.)

मी राहते त्या जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये हे काम थंडी पडायच्या आत उरकावं लागतं. हीटर सुरू झाले की घरातली हवा इतकी कोरडी होते की खळ दिलेला कागद अर्ध्या तासात पापडासारखा वळतो. कोकणात, माझ्या गावी चिपळूणला, नेमकं उलटं. तिथे पावसाळ्यात कागद वाळतच नाही, वर बुरशी धरतो. जर्मनीत कापसाचा उत्तम कागद मिळतो आणि तो मी वापरतेही. पण भारतात गेले की दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे ताव बॅगेत घालून आणते. तिथले कागदी चौदाव्या शतकात तुघलकाच्या राजधानीबरोबर दिल्लीहून आले असं सांगतात. मराठ्यांच्या दफ्तरांना जुन्नरी आणि दौलताबादी कागद लागायचा, तोच हा वंश. त्याचा पोत थोडा ओबडधोबड असतो, घोटायला जास्त जोर लागतो, पण एकदा घोटला की बोरू त्यावर कुठे अडत नाही.

मी चिपळूणची, कोकणी मुसलमान घरातली. घरात कोकणी, शाळेत मराठी, संध्याकाळी मदरशात अरबी. अब्बा पाट्या रंगवायचे: किराणा दुकानं, डॉक्टर, वकील, एखादी शाळा. दिवसभर एनॅमल रंगात देवनागरी, आणि रात्री जेवणानंतर बोरू आणि काजळाच्या शाईने अरबी. एका मौलवींनी दिलेला कित्ता ते वर्षानुवर्षं गिरवत होते. मी जे. जे. उपयोजित कला महाविद्यालयात गेले ती त्यांच्या पाट्यांमुळे. तिथे कट निबने देवनागरी लिहायला शिकले, मुंबईत जाहिरातींचे लेआउट केले, लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीमागे डार्मश्टाटला आले. खत्ताती नीट शिकले ती इथे, एका वयस्क तुर्की बाईंकडे. त्या जवळच्या गावात राहतात. सगळे त्यांना होजा म्हणतात, मीही म्हणते.

होजांनी पहिले कित्येक महिने मला शब्द लिहू दिला नाही. सुटी अक्षरं, आणि त्याआधी नुक्ता. बोरूचं टोक तिरकं छाटलेलं असतं. ते पूर्ण टेकवून जरासं ओढलं की हिरकणीच्या आकाराचा ठिपका उमटतो. साऱ्या लिपीचं माप त्या ठिपक्यात आहे. बगदादचा वजीर इब्न मुक्ला याने दहाव्या शतकात ही पद्धत घालून दिली असं मानतात. सुलुस शैलीत अलिफ साधारण सात नुक्ते उंच, बाकीच्या अक्षरांची लांबी, पोट, वाकण, सगळं त्याच हिशोबात. बोरू बदलला की नुक्ता बदलतो आणि त्याबरोबर अख्खी वर्णमाला लहानमोठी होते. पट्टीवरच्या सेंटीमीटरला तिथे काही किंमत नाही. या इब्न मुक्लाचा उजवा हात राजकारणात तोडला गेला. उरलेल्या हाताला बोरू बांधून तो लिहीत राहिला, अशी कथा आहे. होजा ती कथा सांगतात तेव्हा मी कंटाळा केलेला असतो, हे मला आता कळतं.

जे. जे.मुळे मला हे अगदी परकं वाटलं नाही. देवनागरीही आम्ही निबच्या जाडीत मोजूनच शिकलो होतो. पण तिथे माप शिकायचं ते पुढे सोडून देण्यासाठी, स्वतःचं वळण सापडावं म्हणून. होजांच्या परंपरेत उलट. तिथे गुरूने इजाजत दिल्याशिवाय लिहिलेल्या कागदावर सही करायची नसते, आणि इजाजत मिळते ती तुमचं अक्षर गुरूच्या आणि गुरूच्या गुरूच्या अक्षराशी जुळलं म्हणून. स्वतःचं काही दिसायला लागलं तर ते खोडायचं. माझ्यातली जाहिरातवाली आणि माझ्यातली खत्तात यांचं भांडण तिथून सुरू झालं, अजून मिटलेलं नाही.

डार्मश्टाट हे या भांडणाला बरं गाव आहे. माथिल्डेनहोएच्या टेकडीवर लग्नाचा मनोरा आहे, वर पाच बोटांसारखा. योझेफ मारिया ओलब्रिखने १९०८ साली पुरा केलेला. १८९९ मध्ये इथल्या ग्रँड ड्यूकने कलाकारांची वसाहत वसवली, तिचं हे शिखर. मनोऱ्याच्या आतली मोझेक चित्रं फ्रीडरिश विल्हेल्म क्लॉयकेन्सची. हाच माणूस याच गावातल्या एर्न्स्ट लुडविग प्रेससाठी अक्षरं आणि पुस्तकं घडवत होता. इथे अक्षरवाला आणि चित्रवाला वेगळे नव्हते. पुढे हेरमान झाफ १९७२ पासून डार्मश्टाटमध्ये राहिले, इथल्या तंत्रविद्यापीठात शिकवत होते, २०१५ साली इथेच वारले. आपण संगणकावर ज्यांचा पॅलाटिनो टंक बघतो ते हे. त्यांनी १९५६ च्या सुमारास अल अहराम नावाचा अरबी टंक काढला होता. त्याच्या पायावर लेबनॉनच्या नादीन शाहीन यांनी त्यांच्याबरोबर पॅलाटिनो अरबी तयार केला. शेजारच्या ओफेनबाखला क्लिंगस्पोर संग्रहालय आहे, तिथे रुडोल्फ कोखचं काम बघायला मी शिकाऊ मुलांना घेऊन जाते. कोख अतिशय श्रद्धाळू ख्रिश्चन. बायबलची वचनं हाताने लिहायचा, मोठमोठ्या कापडांवर विणून घ्यायचा. तुटक, काळी, जड अक्षरं. आमच्या सुलुसशी दुरूनही नातं नाही. पण होजा एकदा आल्या होत्या, त्या त्या कापडासमोरून हलेनात. जर्मन त्यांना येतं, पण ती जुनी लिपी वाचता येत नव्हती.

२४ जुलै २०२१ ला माथिल्डेनहोएला युनेस्कोचा जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. गावात लोक खुशीत होते. मी दोन दिवस फोनला चिकटून होते, कारण २२ तारखेला वाशिष्ठी नदी चिपळुणात शिरली होती. घरात माणसाच्या डोक्यावर पाणी गेलं. माणसं वाचली. लोखंडी पेटीतले अब्बांचे कागद मात्र भिजले. काजळाच्या शाईचा गुणच तो, पाणी लागलं की ती कागद सोडते. लिहिताना जी सोय असते तीच त्या दिवशी नडली. चाळीसेक वर्षांचा रियाज पेटीच्या तळाशी काळं पाणी होऊन बसला. बाहेर ओसरीत टेकवून ठेवलेल्या जुन्या पाट्या चिखलाने माखल्या होत्या. त्यांच्यावर नळी मारली आणि अक्षरं होती तशी दिसू लागली. तीन दिवसांनी फोन लागला तेव्हा अब्बा म्हणाले, “पाट्या धुऊन निघाल्या, कागद धुऊन गेले.” त्यांचा आवाज हिशोब सांगावा तसा होता.

मी कॅनव्हासकडे वळले त्याला हे एकच कारण नाही, पण निमित्त हेच. तोवर रंग मला खत्तातीत लुडबूड वाटायचा.

कॅनव्हासवर लिहिणं म्हणजे पहिल्यांदा कॅनव्हास मारणं. त्याच्या विणीवर अक्षराची कड फाटते, म्हणून गेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, थर द्यायचे आणि प्रत्येक थर पॉलिश पेपरने घासायचा. कागद घोटण्यातून सुटका झाली असं वाटत होतं, ती झाली नाही. मग माप. नुक्ता सहा सेंटीमीटरचा धरला की अलिफ बेचाळीस सेंटीमीटरचा होतो. बेचाळीस सेंटीमीटरचा अलिफ मनगटातून निघत नाही, खांद्यातून निघतो. लाकडाच्या रुंद पट्टीला फेल्ट लावून मी बोरू केलाय. तो रंग किती धरतो याचा अंदाज नसेल तर अक्षर अर्ध्यावर कोरडं पडतं. ॲक्रिलिक पुसताही येत नाही. श्वास सोडत सोडत एका ओढीत खाली यायचं. नमाज पढणाऱ्या माणसाला श्वासाची आणि वाकण्याची ही शिस्त ओळखीची असते. आयत, म्हणजे कुराणातलं वचन, लिहायच्या आधी मी वजू करते, हातपाय-तोंड धुते. एरवी, नुसती अक्षरं गिरवताना, करत नाही. लोक विचारतात, यात अध्यात्म कुठे आहे. मला विचाराल तर ते बहुतेक घासण्यात आणि मोजण्यातच आहे, कारण तिथे दाखवायला कुणी नसतं.

खूप मोठं लिहायचं असेल तर जुने उस्ताद थेट लिहीत नसत. लहान आकारात लिहून चौकटी आखून वाढवायचे, कागदाला कडेने सुईने भोकं पाडायची आणि त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. भिंतीवर ठिपक्यांची रेघ उमटते. इस्तंबूलच्या हागिया सोफियातल्या साडेसात मीटर व्यासाच्या गोल फलकांसारखी कामं हाताच्या एका ओढीत होणारी नव्हेत. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. चिपळूणच्या बाजारपेठेत अब्बा शिडीवर उभे राहून हेच करायचे.

रंगाबद्दल माझं एक ठाम मत आहे आणि त्यामुळे काही लोक दुखावले जातात. आध्यात्मिक अक्षरचित्रं म्हणून जे विकलं जातं त्यातलं पुष्कळसं झगमगाटाखाली लपवलेलं कच्चं अक्षर असतं. सोनेरी शिंतोडे, निळ्यावर जांभळं, मध्ये वळणं घेत जाणारं काहीतरी. जवळ जाऊन नुक्त्याने मोजलं की कळतं, काही ठिकाणी अक्षर अक्षरच नाही. याच गावात मेर्क आहे, १६६८ साली एका औषधाच्या दुकानातून सुरू झालेला कारखाना. त्यांनी इरिओडिन नावाचे मोतिया रंग बाजारात आणले: अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यावर टायटॅनियम डायॉक्साइडचा लेप, की बघणारा हलला की रंग हलतो. मलाही मोह होतो. मी ते फक्त पार्श्वभूमीच्या सगळ्यात खालच्या थरात वापरते, वरून दोन थर देऊन. अक्षर सपाट, एका रंगाचं. आधी ते होजांच्या कसोटीला उतरलं पाहिजे, मग चित्र म्हणून त्याचं काय व्हायचं ते होऊ दे.

अक्षराने चित्र होण्याला जुनी वाट आहे. इराणात सियाह मश्क नावाचा प्रकार होता: रियाजाचा कागद, एकाच अक्षरावर अक्षर लिहीत काळा करून टाकलेला. वाचता येत नाही, आणि लोक ते जपून ठेवू लागले, चौकटीत लावू लागले. विसाव्या शतकात बगदाद, तेहरान, कराचीचे चित्रकार अरबी अक्षर थेट कॅनव्हासवर घेऊन आले. अमरोह्यात जन्मलेले सादिकैन त्यातले. त्यांची अक्षरं निवडुंगासारखी टोकदार. काही ठिकाणी ती माप मोडतात, पण मोडताना त्यांना माप माहीत आहे हे दिसतं. आपल्याकडे, जवळच म्हणायचं तर, विजापूर. इब्राहीम आदिलशहाने खलीलुल्लाह या खत्ताताला कलमाचा बादशाह असा किताब दिला होता, आणि त्याच इब्राहीमच्या रोजाच्या, म्हणजे मकबऱ्याच्या, खिडक्यांत दगडाची जाळी म्हणून अक्षरंच कोरली आहेत. उजेड अक्षरांच्या फटींतून आत येतो. शाळेच्या सहलीत आम्ही गोलघुमटात ओरडून आलो आणि रोजासमोर डबे खाल्ले.

पण माझ्या कामावर सावली आहे ती चित्रकार सय्यद हैदर रझांची. ते खत्तात नव्हते. मध्य प्रदेशातल्या मंडल्याकडच्या जंगलात वाढले, नागपूरच्या कलाशाळेत आणि मग जे. जे.मध्ये शिकले, १९५० ला फ्रान्सला गेले, जवळजवळ साठ वर्षं तिथे राहिले. लहानपणी चंचल होते म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बसायला लावलं, ही गोष्ट ते सांगत. १९८० च्या आसपास तो ठिपका बिंदू होऊन त्यांच्या चित्रांत आला आणि राहिला. कॅनव्हासवर देवनागरीत ओळीही लिहायचे. मुसलमान घरातला माणूस, फ्रान्समध्ये बसून, नागरीत लिहितो आणि बिंदू रंगवतो. २०१६ मध्ये गेले तेव्हा इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांशेजारी त्यांचं दफन झालं. जे. जे.त असताना मला त्यांचे बिंदू फार मोठे, फार गोल वाटायचे. होजांकडे नुक्ते काढून काढून हात दुखायला लागल्यावर ते पुन्हा बघितले. रझांचा बिंदू स्वतःच सगळं असतो. आमचा नुक्ता दुसऱ्याला मोजण्यासाठी असतो आणि काम झालं की उठून जातो. मला दुसरा जास्त आवडतो, हे म्हणायला जरा धीर करावा लागतो.

जर्मनीत कलावंतांसाठी स्वतंत्र सामाजिक विमा आहे, १९८३ पासून. निम्मा हप्ता आपण भरायचा, उरलेला कलेचा वापर करणाऱ्या कंपन्या आणि सरकार. फार चांगली सोय. फक्त अर्जात सांगावं लागतं की तुम्ही कलावंत की कारागीर, कारण कारागिराला ती लागू नाही. इस्लामी दरबारांत खत्ताताचा मान चित्रकाराच्या वर होता. इथे मी चित्रकार असल्याचं दाखवण्यासाठी कॅनव्हासचे फोटो जोडले, कागदांचे नाही जोडले. होजांना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग चहा ओतला.

रोजच्या कामात अडचणी असतात त्या याहून साध्या. पवित्र नाव लिहिलेला कागद रद्दीच्या निळ्या डब्यात टाकता येत नाही. गावाकडे असे कागद वाहत्या पाण्यात सोडतात किंवा पुरतात. इथे डार्मबाख नावाचा ओढा आहे खरा, पण तो शहरातून बहुतेक जमिनीखालच्या नळातूनच जातो. म्हणून रियाज सुट्या अक्षरांचा, ज्यातून काही पवित्र जुळून येत नाही. आयत लिहिलीच तर घोटलेल्या कागदावर. नको झाली की धुऊन काढते, ते पाणी झाडाच्या मुळाशी ओतते, कागद परत वापरते. संध्याकाळच्या वर्गात मी हे दाखवते तेव्हा जर्मन विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त हेच आवडतं, काटकसर म्हणून. चित्र विकताना मी विचारते, कुठल्या भिंतीवर लावणार. न्हाणीघराच्या बाहेर नको, झोपल्यावर पाय जातील तिथे नको. यावर अजून कुणी रागावलेलं नाही. एका गृहस्थांनी घराचा नकाशा काढून पाठवला.

मागच्या वर्षी एका इस्पितळातून विचारणा आली. तिथे शांततेची खोली आहे. रुग्ण, नातेवाईक, रात्रपाळीच्या परिचारिका कुणीही जाऊन बसतात. भिंतीसाठी चित्र हवं होतं, पण कुठल्याही धर्माची खूण नको, कुठल्याही भाषेतला मजकूर नको. बैठकीला पाद्री होते, नर्सिंगच्या प्रमुख होत्या आणि आगीचे नियम सांभाळणारे एक गृहस्थ होते, ज्यांचे प्रश्न सगळ्यात नेमके होते: रंग पेटतो का, कापडाला काय लावलंय. आयत लपवून रंगवणं मला शक्य होतं, पण पटलं नाही. त्या खोलीत बसणाऱ्याला न सांगता काही वाचायला लावण्यासारखं ते झालं असतं. मी सुटी अक्षरं घेतली, अलिफपासून ये पर्यंत. पेन्सिलने मोठी लिहिली, शिकाऊंच्या पुस्तकात असतात तसे प्रत्येकाशेजारी मापाचे नुक्ते मांडले आणि मग अक्षरं खोडून टाकली. रंगवले फक्त नुक्ते. कुठे सात एकावर एक, कुठे कमान करून पाच, कुठे आडवी रांग. निळा-राखाडी एकच रंग, अभ्रक नाही.

फोटो होजांना पाठवला. त्यांनी एकामागून एक सगळी अक्षरं ओळखून यादी लिहून पाठवली आणि खाली विचारलं, हे लिहिणार कधी. अब्बांनीही बघितलं, त्यांना वाटलं, आखणी झाली आहे, रंग भरायचा बाकी आहे. पाद्रींना त्यात पाऊस दिसला. ड्रिल घेऊन आलेल्या माणसाने वरची बाजू कोणती ते विचारलं, म्हणून मी मागे पेन्सिलने बाण काढून दिला. बिलावर ‘चित्र, एक’ असं लिहिलं.